‘लाडकी बहीण’ची वगळणी : दोन याद्यांचा न जुळणारा हिशेब

हातकणंगले तालुक्यातील निराधार विधवेचे नाव एकाच वेळी दोन सरकारी याद्यांत असू शकते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे प्रकरण तहसील कचेरीतून जाते, तर ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा अर्ज अंगणवाडी सेविकेमार्फत महिला व बालविकास विभागाकडे. दोन्हींत दरमहा १५०० रुपये. इतर सरकारी योजनेतून तेवढी रक्कम घेणारी महिला अपात्र, हा नियम २०२४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासूनचा आहे.

दुसरी यादी वेळीच ताडून पाहिली असती, तर पुढचा गोंधळ बराच टळला असता. विधानसभा निवडणूक उरकल्यावर, फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने सुमारे ५ लाख महिला अपात्र ठरविल्या. त्यांतील २ लाख ३० हजार निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये २६ लाख ३४ हजार जणांचा लाभ तात्पुरता थांबविल्याचे जाहीर झाले.

पहिल्या तक्त्यातील ज्या नोंदी दुसऱ्यात सापडतात त्या गाळा, हा आदेश संगणकाला एका ओळीत देता येतो. खरी गोम जुळणीच्या खुणेत आहे. नावावरून ताडावे तर एकीकडे ‘सुनीता’ आणि दुसरीकडे ‘सुनिता’, एकीकडे माहेरचे आडनाव आणि दुसरीकडे सासरचे. आधार क्रमांक अधिक भरवशाचा. पण तो दोन्हीकडे भरलेला हवा. ‘एसक्यूएल’मध्ये ‘नॉट इन’ असे विचारले आणि दुसऱ्या तक्त्यात एका नोंदीचा जरी रकाना कोरा असला, तरी हाती एकही नाव येत नाही. कोऱ्या रकान्याशी तुलना केली की यंत्राचे उत्तर ‘माहीत नाही’ असे असते, आणि अशी नोंद ते गाळून टाकते. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. जाणकार म्हणूनच ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरतात.

चारचाकीची अट याहून अवघड. परिवहन विभागाच्या यादीत वाहनमालकाचे नाव असते, अट मात्र कुटुंबाला लागू. वेगळी चूल मांडलेल्या दिराची गाडी कोणाच्या खात्यात धरायची? शेवटी ही पडताळणी घरोघर जाऊन करण्याचे काम अंगणवाडी सेविकांवरच आले. ‘नमो शेतकरी’च्या लाभार्थींबाबत तर नाव गाळून भागत नाही. त्यांना केंद्र व राज्याचे मिळून वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये मिळतात. म्हणून ‘लाडकी बहीण’मधून फरकाचे ५०० रुपये द्यायचे.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. तीत पती किंवा वडिलांचाही आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, त्या महिला तेथेच अडकल्या. या योजनेची गरज सर्वाधिक त्यांनाच असताना त्यांचा रकाना कोरा राहणार, हे मसुदा करताना कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? नोव्हेंबरमध्ये सरकारला मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली आणि अशा महिलांकडून मृत्यूचा दाखला कागदावर घेण्याची सोय करावी लागली.