दहाव्या वर्षी कायमचा बॅक?

रविवारी सकाळी कोणत्याही शहरातले फुटबॉलचे मैदान पाहा. दहा-अकरा वर्षांची मुले बुटांच्या नाड्या बांधत असतात आणि तेवढ्या वेळात सर जागा वाटून मोकळे होतात. सर्वांत उंच, दांडगा मुलगा स्टॉपर. किडकिडीत पण चपळ असेल तो विंगर. डाव्या पायाने मारणारा डाव्या बाजूला. ज्याला पळायचा कंटाळा, तो गोलात. आणि ज्याचे वडील कडेला उभे राहून सर्वांत मोठ्याने ओरडतात, तो बहुधा सेंटर फॉरवर्ड!

ही वाटणी एका सामन्यापुरती असती तर कोणाचीच तक्रार नव्हती. पण दहाव्या वर्षी मिळालेली जागा पुढे चार-पाच वर्षे मुलाला चिकटून राहते. एखाद्या आईने धीर करून विचारलेच, "सर, आमचा मुलगा नेहमी मागेच का हो?" तर उत्तर ठरलेले असते. "ताई, त्याची उंची बघा ना. तो जन्मजात बॅक आहे."

जन्मजात बॅक कोणी नसतो. असते ती त्या वेळची उंची, आणि तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखी दुसरी चूक नाही.

मुलग्यांची उंची साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते, मुलींची त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी. पण ही झाली सरासरी. एकाच वर्गातला एक मुलगा बाराव्या वर्षीच वयात येतो, दुसऱ्याला पंधरावे उजाडते. कागदावर दोघांचा वयोगट एक, शरीराने मात्र दोन-तीन वर्षांचे अंतर. त्यात जन्मतारखेचा आणखी एक खेळ असतो. गटाची मोजणी 1 जानेवारीपासून होत असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. चाळिशीत या अकरा महिन्यांना काही अर्थ नाही. दहाव्या वर्षी मात्र ते आयुष्याच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतके असतात. युरोपात निवडल्या गेलेल्या छोट्या खेळाडूंच्या जन्मतारखा अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा गटवर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले पुन्हा पुन्हा जास्त निघाली. प्रशिक्षकांना वाटत होते आपण गुण हेरतो आहोत. बऱ्याचदा ते चार-सहा महिने जास्तीचे वय हेरत होते.

आता त्या उंच स्टॉपरचे काय होते ते पाहा. तो लवकर वाढला, लवकर थांबला. सोळाव्या वर्षापर्यंत बाकीचे त्याला गाठतात, काही पुढेही जातात. चेंडू दूर फेकून देण्यापलीकडे त्याला कोणी काही शिकवलेले नसते, कारण तेवढ्यावर संघ जिंकत होता. पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू पायात घेऊन वळणे, अरुंद जागेतून पास काढणे या गोष्टी त्याने केलेल्याच नसतात. दुसरीकडे विंगवरचा किडकिडीत पोरगा एव्हाना सहा फुटांना टेकलेला असतो, पण त्याला हवेतला चेंडू कसा घ्यावा हे ठाऊक नसते. दोघेही चुकीच्या जागी मोठे झाले आणि दोष दोघांचाही नाही.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी सर्रास घडते. मुलांच्या संघात एखादी मुलगी खेळायला आली की तिला मागे किंवा गोलात उभे करायचे, हा जणू नियमच. ती सर्वांपेक्षा वेगाने पळत असली तरी!

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. संघ बलवान असेल तर त्याचा बॅक निम्मा सामना नुसता उभा असतो. संघ दुबळा असेल तर फॉरवर्ड उभा असतो. अकरा विरुद्ध अकरांच्या खेळात मैदानावर बावीस मुले आणि चेंडू एकच. चार विरुद्ध चार खेळवले तर त्याच एका चेंडूमागे आठ. मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला, यावर या वयातले शिक्षण अवलंबून असते.

म्हणूनच फुटबॉलमध्ये पुढे गेलेल्या देशांनी लहान मुलांचे सामनेच लहान करून टाकले. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2012 मध्ये ठरवले की सर्वांत लहान मुले पाच-पाच जणांत खेळतील, मग सात, मग नऊ, आणि अकरांचा संघ तेरा वर्षांखालील गटापासून. जर्मनी तर त्याहून पुढे गेली. तिथे 2024-25 च्या हंगामापासून सर्वांत लहान गटात दोन-दोन किंवा तीन-तीन मुले छोट्या गोलांवर खेळू लागली. गोलरक्षक नाहीच. मैदानावर तीनच मुले असली की कोण बॅक आणि कोण फॉरवर्ड? तिघांनाही अडवावे लागते, तिघांनाही गोल मारावा लागतो. भारतातही 2018 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने याच विचाराने लहान मुलांसाठी 'बेबी लीग' सुरू केली. विचार चांगला, पण ज्या मैदानावर दीडशे मुलांमागे एक शिट्टी असते, तिथे तो पोहोचायला वेळ लागतो.

बहुगुणी खेळाडूचे मोल काय असते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. 1962 चे जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धा. जर्नेलसिंग हा भारताचा पोलादी स्टॉपर. थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. बचावात हेडिंग करणे आता धोक्याचे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी काय करावे? त्यांनी जर्नेलला बाकावर बसवले नाही, सरळ सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलने गोल केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पुन्हा गोल केला. भारत 2-1 ने जिंकला. आशियाई स्पर्धेतले भारतीय फुटबॉलचे ते दुसरे सुवर्णपदक, आणि त्यानंतर पुन्हा ते मिळालेले नाही. रहीमसाहेबांची हिंमत मोठी खरीच, पण ज्याच्या पायात नुसता चेंडू उडवण्याचीच सवय भरलेली असती, त्याच्यावर ही हिंमत करता आली असती का?

परदेशातली उदाहरणे तर पुष्कळ. वेल्सचा गॅरेथ बेल साउदॅम्प्टनकडून मोठ्या सामन्यांत उतरला तो लेफ्ट बॅक म्हणून. पुढे रेआल माद्रिदने त्याच्यासाठी विक्रमी रक्कम मोजली ती आक्रमक म्हणून. फ्रान्सचा थिएरी आँरी विंगवर पळत होता. 1999 मध्ये तो आर्सेनलला आला आणि आर्सेन वेंगर यांनी त्याला मध्यभागी आणले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बावीस!

मग जागा पक्की करायची तरी कधी? कधीच नाही, असे म्हणणेही खुळेपणाचे आहे. फुटबॉलमध्ये प्रत्येक जागेची स्वतंत्र विद्या असते. दोन बॅकमधले अंतर कसे राखावे, ऑफसाइडची रेषा कधी पुढे न्यावी, हे वर्षानुवर्षे त्याच जागी खेळूनच अंगी मुरते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा राज्याच्या निवडीला गेला आणि "कुठेही खेळतो" म्हणाला, तर निवड करणारे पुढच्याला बोलावतात.

तेव्हा साधारण हिशेब असा धरावा. बारा-तेरा वर्षांपर्यंत सर्व जागा फिरून याव्यात. त्यानंतर, उंचीची मोठी उडी होऊन गेली की, एकमेकींशी नाते असलेल्या दोन जागा निवडाव्यात. बॅक आणि बचावात्मक हाफ, किंवा विंगर आणि फॉरवर्ड. सोळाच्या आसपास त्यांतली एक मुख्य. उंची झपाट्याने वाढत असते त्या वर्ष-दीड वर्षात मुले अडखळतात, चेंडू पायातून निसटतो, गुडघ्याखाली आणि टाचेत दुखते. नेमका तो काळ पाहून "याच्यात काही दम नाही" असा निकाल देणारे प्रशिक्षकही असतात आणि बापही.

गोलरक्षकाचे थोडे वेगळे. एखाद्या मुलाला उडी मारून चेंडू पकडण्याचे खरेच वेड असते. त्याला अडवू नये. पण 1992 पासून साथीदाराने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने उचलता येत नाही. त्यामुळे त्यालाही पाय लागतात, आणि ते मैदानातच घडतात. आठवड्यातला एक सामना त्याने हातमोजे काढून खेळावा. आणि ज्याला गोलात उभे राहायचे नाही, त्याला केवळ तो जाडा आहे म्हणून तिथे उभे करणे ही शिक्षा झाली. असली मुले वर्षभरात मैदान सोडतात. घरी कारण सांगत नाहीत, "पोट दुखतंय" एवढेच म्हणतात.

जिंकण्याचा दबाव सरांवरही असतो, हे विसरून चालणार नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या सामन्याला गाव लोटते. तिथे पोराला लवकर जागेवर बसवण्याची घाई समजू शकते. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही कपाटात चषक हवा असतो. म्हणून सरांशी भांडू नये. एवढेच विचारावे, "सर, स्पर्धेत तुम्ही म्हणाल तिथे तो खेळेल. सरावाच्या सामन्यात मात्र अर्धा वेळ त्याला दुसरीकडे खेळवाल का?" बहुतेक सर याला नाही म्हणत नाहीत. आणि वडिलांनी कडेवरून "अरे, मागे जा, मागे!" हे ओरडणे तेवढे बंद करावे.

निवड चाचणीच्या फॉर्मवर 'पोझिशन' असा रकाना असतो आणि तो भरताना घरात वाद होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने त्यात खुशाल दोन जागा लिहाव्यात. कोणत्या, ते मात्र त्यालाच लिहू द्यावे.