माईक कुणाच्या हातात?

डिस्नेचे टीनएज सिनेमे म्हटलं की आपल्या हॉस्टेलमधली मंडळी नाकं मुरडतात. "पोरकट आहे रे!" म्हणतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल बाजूला ठेवून तेच लॅपटॉपवर बघत बसतात. असो. ज्याची त्याची आवड! मला हे सिनेमे आवडतात आणि ते सांगायला लाजही वाटत नाही. माझी तक्रार सिनेमांबद्दल नाही, त्यातला फक्त शेवट उचलून गॅदरिंगच्या स्टेजवर आणणाऱ्यांबद्दल आहे.

फॉर्म्युला सगळ्यांना पाठ आहे. तो पॉपस्टार, लाखो मुली त्याच्यामागे वेड्या. ती साधी मुलगी, तिला त्याचं काहीच कौतुक नाही. अपघाताने भेट, थोडी भांडणं, एक गाणं, मग गैरसमज आणि शेवटी भरगच्च गर्दीसमोर तो तिच्यासाठी गातो. टाळ्या, शिट्ट्या, दी एंड.

याचा अगदी साच्यातला नमुना म्हणजे 'स्टारस्ट्रक'. 14 फेब्रुवारी 2010 ला, म्हणजे मुहूर्त बघूनच, डिस्ने चॅनलवर तो पहिल्यांदा दाखवला गेला. मिशिगनची जेसिका आजीकडे लॉस एंजेलिसला येते. ख्रिस्तोफर वाइल्ड या गायकाची जबरदस्त फॅन असते तिची बहीण. जेसिकाला त्याच्यात काडीचा रस नाही. पण क्लबच्या मागच्या बाजूला त्याने उघडलेलं दार हिलाच लागतं आणि गोष्ट सुरू होते. फोटोग्राफर मागे लागलेले असताना दोघं मिळून शहरभर पळतात, त्याची जुनी गाडी चिखलात रुतते, आणि त्या सगळ्या पळापळीत तो तिला माणूस म्हणून आवडायला लागतो.

पण इथे एक गोष्ट घडते जी आपण विसरतो. ख्रिस्तोफरला सिनेमात मोठा रोल हवा असतो, त्यासाठी कुठल्याही भानगडीत नाव यायला नको असतं. म्हणून टीव्हीवर, सगळ्या जगासमोर, तो सांगून टाकतो की मी या मुलीला ओळखतसुद्धा नाही. कॅमेरा त्याच्याकडे, माईक त्याच्याकडे. ती बिचारी टीव्हीसमोर बसून ऐकते. शेवटी तो तिच्या शाळेच्या डान्सला येतो आणि सगळ्यांसमोर माफी मागून गातो, ते मला म्हणूनच पटतं. अपमान चारचौघात केला होता, मग माफीही चारचौघातच मागायला हवी. हिशेब चुकता! शिवाय तोपर्यंत दोघांना एकमेकांच्या मनातलं पुरतं कळलेलं असतं.

आता आपल्याकडचे ख्रिस्तोफर बघा. यांनी कुणाला जगासमोर नाकारलेलं नसतं. बऱ्याचदा मुलीशी धड दोन वाक्यंही बोललेले नसतात. पण स्टेज हवं, स्पॉटलाइट हवा, माईक हवा आणि खाली हजार माणसं हवीत. गोष्टीतलं कारण गाळून नुसता शेवट उचलायचा. व्हायवामध्ये डेरिव्हेशन न येता फक्त अन्सर सांगितलं तर सर किती मार्क देतात?

मी गॅदरिंगच्या साउंड कमिटीत काम करते, त्यामुळे ही दृश्यं मिक्सरच्या मागून बघायला मिळतात. एका फेस्टला आम्ही काही जण मदतीला गेलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. गाणं संपल्यावर गायक मुलाने माईक सोडलाच नाही. समोर बसलेल्या एका मुलीचं नाव घेतलं, तिला वर बोलावलं आणि गुडघ्यावर बसला. हॉलमध्ये "हो म्हण! हो म्हण!" सुरू झालं. ती "हो" म्हणाली. टाळ्या पडल्या. मग ती विंगेत आली, कन्सोलशेजारच्या केबलच्या पेटीवर बसली आणि थरथर कापायला लागली. मैत्रिणीला एवढंच म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर लोकांनी मला खाल्लं असतं." दोन दिवसांनी तिने त्याला फोन करून नकार कळवला. त्यानंतर अख्ख्या कॉलेजात 'फसवी' कोण ठरली? तीच!

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी सांगते. माईक स्पीकरसमोर धरला की काय होतं? स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, अॅम्प्लिफायर तो वाढवतो, परत स्पीकरमधून बाहेर, परत माईकमध्ये... लूप गेन एकाच्या वर गेला की सिस्टिम किंचाळायला लागते. मग माईकसमोर कोण उभं आहे, काय बोलतंय, याला काही अर्थ उरत नाही. "हो म्हण"चा गजर म्हणजे अगदी हेच. त्या गोंगाटात बाहेर पडलेला 'हो' त्या मुलीचा नसतो, हॉलचा असतो.

आणि मजा म्हणजे याच जातीच्या आणखी जुन्या सिनेमाने ही गोष्ट केव्हाच ओळखली होती. 2003 चा 'द लिझी मॅकग्वायर मूव्ही' आठवा. शाळेच्या ट्रिपला रोमला गेलेली लिझी, तिला भेटलेला इटालियन पॉपस्टार पाओलो. लिझी दिसायला हुबेहूब त्याच्या जोडीदार गायिकेसारखी, इझाबेलासारखी. पाओलो तिला पटवतो की इझाबेलाच्या जागी तू स्टेजवर ये, तिला स्वतःला गाता येत नाही, ती नुसते ओठ हलवते. लिझीला वाटतं, वा, आपलं स्वप्नच खरं झालं! प्रत्यक्षात ओठ हलवणारा तोच असतो, आणि हा सगळा घाट इझाबेलाची फजिती करण्यासाठी घातलेला. कोलोसियममधल्या कार्यक्रमात त्याचा खरा माईक चालू होतो आणि स्वारीचा खरा आवाज सगळ्या जगाला ऐकू येतो! मग गाते लिझी. स्टारने निवडलं म्हणून ती मोठी होत नाही, तिच्या हातात माईक येतो आणि तिला गाता येतं म्हणून होते.

आणि या सिनेमातलं खरं प्रेम कुठे आहे? हॉटेलच्या गच्चीवर. लिझी आणि तिचा शाळेपासूनचा मित्र गॉर्डो. तिथे ना माईक, ना पब्लिक. एवढा झगमगाट दाखवून झाल्यावर दिग्दर्शकाला त्या दोघांना गच्चीवर न्यावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

आपल्या मुंबईत तर हृषीकेश मुखर्जींनी 1971 सालीच 'गुड्डी' काढला होता. शाळकरी कुसुम धर्मेंद्रच्या प्रेमात, आणि खुद्द धर्मेंद्रच धर्मेंद्रच्या भूमिकेत. तिच्यासाठी तो गर्दीसमोर गात नाही की तिला पळवून नेत नाही. तिला शूटिंग दाखवलं जातं, पडद्यामागची माणसं दाखवली जातात. हिरो व्हायला घरातून पळून आलेला आणि तिथे हलाखीत दिवस काढणारा तिच्या ओळखीचा कुंदनही (असरानी) तिला दिसतो. आपल्यावर भाळलेल्या मुलीचं काय करायचं, याचं स्टारने दिलेलं इतकं सभ्य उत्तर मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेलं नाही. आपल्याकडे असलेली ताकद तिच्यावर वापरायची नाही, हे त्याला कळतं.

कुणी म्हणेल, "एवढं काय त्यात? थोडा रोमान्स नको का आयुष्यात? मेस आणि केटी यांच्याशिवाय आहे काय इथे?" अरे हवा ना! पण मग कॅन्टीनमध्ये विचारा, लायब्ररीच्या पायऱ्यांवर विचारा. जिथे ती "नाही" म्हणून उठून जाऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मान वर करून येऊ शकते, अशा कुठल्याही जागी विचारा. धाडस तर तिथेच लागतं. हजार जण आपल्या बाजूने ओरडत असताना कसलं आलंय धाडस? आणि हे मुलांनाच नाही, मुलींनाही लागू आहे. स्टेजवर कोंडीत सापडलेला मुलगासुद्धा बिचाराच असतो.

गॅदरिंग बघणाऱ्या सर-मॅडमना माझी एक विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला कुठलाही 'आयटम' सुरू झाला, कुणाचं नाव घेऊन वर बोलावणं सुरू झालं, की साउंडवाल्यांना फेडर खाली ओढायची परवानगी आधीच देऊन ठेवा. लेखी द्या, म्हणजे नंतर सीनियर आमच्यावर चिडले तर आम्ही कागद दाखवू. त्यासाठी ना बजेट लागतं, ना नवी कमिटी. एक बोट पुरतं.

आणि पब्लिकमधल्या आपल्या सगळ्यांना: पुढच्या वेळी शेजारचा "हो म्हण" ओरडायला लागला तर आपण गप्प बसू. तेवढ्यानेही लूप गेन कमी होतो.