आधी काम ठरवू, मग पाठ



जूनचा हा अंक हाती पडेल तेव्हा नियोजनाच्या कोऱ्या वह्या तुम्हा शिक्षकांसमोर असतील. बहुतेक वह्यांची सुरुवात पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून होते. जूनमध्ये पहिले दोन पाठ, जुलैमध्ये पुढचे तीन, मग तासिका, साहित्य, उपक्रम असे रकाने. घटक शिकून झाल्यावर मूल त्याचे काय करणार, हा प्रश्न अगदी शेवटी येतो आणि तिथे ‘स्वाध्याय सोडवून घेणे’ एवढेच लिहिले जाते. यंदा हा क्रम उलटा करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मुलांनी शेवटी कोणते खरे काम करून दाखवायचे, ते आधी ठरवू आणि तिथून मागे येत पाठ आखू.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, त्या पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपल्यावरच परततात. आईवडिलांबरोबर मुलेही जातात. हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मूल गावात राहावे, यासाठी शिक्षकांनी झटायचे आहेच. पण अख्खा वर्ग हमखास समोर असतो तो जून ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका पावसाळा. मग पहिला मोठा घटक पावसाचाच का नसावा?

मांजरा नदी याच तालुक्यात, गवळवाडीजवळ बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. पुढे धनेगावच्या धरणातून ती लातूरची तहान भागवते. हे धरण कोरडे पडले तेव्हा, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. नदीच्या उगमाशी राहणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात टँकरची वाट का पाहावी लागते, यापेक्षा जिवंत प्रश्न भूगोलाला कुठून मिळणार?

शेवटचे काम असे ठरवू: 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांनी शाळेच्या छताचे पाणी साठवण्याचा प्रस्ताव आकड्यांसह मांडायचा. आता मागे येऊ. प्रस्तावाला हिशेब लागतो, हिशेबाला मोजमाप. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली कापून, तळाशी खडे टाकून, शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरले की पर्जन्यमापक तयार. रोज सकाळी ठरल्या वेळी एका गटाने नोंद घ्यायची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे सांगून टाकू नका. 100 सेंमी, 100 सेंमी आणि 0.1 सेंमी यांचा गुणाकार मुलांनाच करू द्या. समजा, वर्गखोलीचे छत 8 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे. 25 मिमी पाऊस झाला तर त्यावर 1200 लिटर पाणी पडते. गळती आणि पहिले धुवण सोडून 80 टक्के धरले तरी 960 लिटर उरते. शाळेत 120 मुले असतील आणि प्रत्येकाला पिण्यासाठी रोज दोन लिटर लागत असेल, तर एका खोलीवरचा एक चांगला पाऊस चार दिवस पुरतो. हा आकडा मुलांच्या हाताने फळ्यावर उतरतो तेव्हा क्षेत्रफळ, घनफळ, दशांश अपूर्णांक आणि शेकडेवारी यांची गरज समजावून सांगावी लागत नाही. सरासरी आणि स्तंभालेख नोंदवहीतून येतात, पर्जन्यछाया भूगोलातून, आणि प्रस्ताव लिहिताना अर्जलेखन.

‘अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?’ ही अडचण खरी आहे, विशेषतः दोनशिक्षकी शाळेत. पण तीन विषयांतले पाच-सहा घटक एका कामात गुंफले तर तासिका वाचतात आणि दोन-तीन इयत्ता एकत्र बसवता येतात: धाकट्यांनी मोजायचे, मोठ्यांनी हिशेब करायचा.

मात्र उपक्रम झाला म्हणजे उपयोजन झाले, असे मानू नका. रंगीत तक्ते, प्रभातफेरी, फोटो हे सगळे होऊनही मूल रिकामे राहू शकते. अमेरिकेतील ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी 1998 साली शेवटाकडून नियोजनाची पद्धत मांडताना हाच धोका दाखवला होता. म्हणून आकारिक मूल्यमापनासाठी एकच कसोटी ठेवा: न सोडवलेली, नवी परिस्थिती. प्रत्येक मुलाने आपल्या घराच्या पत्र्याचे माप घेऊन, कुणाच्या मदतीशिवाय, किती लिटरची टाकी लागेल ते सांगायचे. जे अडेल, त्याचे नेमके काय अडले ते कळते, आणि उरलेले दिवस त्यासाठीच वापरायचे.

दुसरा घटक ऊसतोडीच्या हिशेबाचा. तो दिवाळीच्या आत बसवा. समजा, एका कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याने, टोळीच्या मुकादमाकडून एक लाख रुपये उचल (आगाऊ रक्कम) घेतली, टनाला 366 रुपये दर आहे आणि नवरा-बायको मिळून रोज दोन टन तोडतात. उचल फिटायला किती दिवस लागतील? उत्तर येते सुमारे 137 दिवस, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम. सातवीच्या मुलीला हा हिशेब मांडता आला, तर मुकादमाच्या वहीतला आकडा ती घरच्यांना तपासून देऊ शकते. कुणाच्या घरची उचल वर्गात विचारू नका. आकडे काल्पनिकच ठेवा. मुलांची मान खाली जाईल असे काही घडता कामा नये.

महाराष्ट्राला हे नवे नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा गावाला लागणारी कामे हाच मुलांचा अभ्यास केला. दोन्हीकडे कामाची गरज खरी होती. आपल्या टाचणात नेमकी तीच हवी आहे.

तेव्हा या महिन्याच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने एकच घटक निवडावा. टाचणवहीत पहिल्या ओळीत तीन गोष्टी लिहा: मुले कोणते काम करतील, कोणासमोर मांडतील, कोणत्या तारखेला. पाठांची नावे त्याखाली येऊ द्या. काम फसले तरी नोंदी आमच्याकडे पाठवा. कुठे अडले हे इतर शाळांना कळणे यशाइतकेच मोलाचे आहे. दिवाळीनंतर टोळीबरोबर जाणाऱ्या मुलाचे दप्तर कदाचित गावातच राहील. मोजणे, ताडून पाहणे आणि चार माणसांत आपले म्हणणे मांडणे एवढे तरी त्याला आलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या हाती जून ते ऑक्टोबर एवढाच काळ आहे.