परीक्षेचा देश, की परीक्षेशी भांडणाऱ्या गुरूंचा?

१/ चिनी परंपरा म्हणजे पाठांतर, परीक्षा आणि आज्ञाधारकपणा. स्वतंत्र विचारांचे विद्यापीठ ही मात्र युरोपची देणगी. उच्च शिक्षणावरील चर्चेत हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्याला पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. हा धागा तो पुरावा मागण्यासाठी. #इतिहास

२/ आधी मान्य करण्याजोगे मान्य करू. राजसेवेसाठीची परीक्षा चीनमध्ये सुमारे तेराशे वर्षे चालली आणि १९०५ साली बंद झाली. मिंग काळात तर 'अष्टपदी' निबंधाचा ठरीव साचा आला. हे सारे खरे. पण एखादी संस्था बलाढ्य होती म्हणून त्या समाजाचे तत्त्वज्ञही तिचेच भाट होते, हा निष्कर्ष कोणत्या तर्कात बसतो?

३/ कन्फ्यूशियसने विद्येचे दोन हेतू वेगळे केले होते: स्वतःला घडवणे आणि इतरांपुढे मिरवणे. त्याच्या मते पूर्वीचे लोक पहिल्या हेतूने शिकत, त्याच्या काळातले दुसऱ्या. पुढे सोळाशेहून अधिक वर्षांनी हाच भेद परीक्षेविरुद्धचे हत्यार ठरला.

४/ ते हत्यार उचलले चू शी (११३०–१२००) याने. ११७९ साली तो नानकांगचा प्रशासक झाला आणि लूशान पर्वताच्या पायथ्याशी मोडकळीस आलेले 'श्वेतमृग गुंफा' हे विद्यापीठ त्याने पुन्हा उभारले. त्याच्या नियमावलीत शिक्षांची यादी नाही. खूप शिकावे, शंका विचाराव्यात, चिंतन करावे, योग्य-अयोग्य पारखावे आणि मग तसे वागावे, असा क्रम आहे. निबंध रचून कीर्ती व वेतन मिळवणे हा विद्येचा हेतू नव्हे, हेही तो स्पष्टपणे बजावतो.

५/ ११७५ साली लू चिउयुआन या विचारवंताशी चू शीचा जाहीर वाद झाला होता. ११८१ मध्ये त्याच प्रतिपक्षाला चू शीने आपल्या विद्यापीठात व्याख्यानाला बोलावले. विषय होता धर्म आणि लाभ. रोख परीक्षेसाठी शिकणाऱ्यांवर. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले, अशी नोंद आहे. चू शीने ते व्याख्यान दगडावर कोरून घेतले. विरोधकाचे भाषण शिलालेख म्हणून जपणाऱ्या परंपरेला आज्ञाधारक म्हणायचे?

६/ पुढचा विपर्यास मात्र क्रूर आहे. १३१३ साली युआन दरबाराने चू शीचेच भाष्य परीक्षेसाठी प्रमाण ठरवले. परीक्षेच्या टीकाकाराचा ग्रंथ परीक्षेचा अभ्यासक्रम झाला! आज आपण या अभ्यासक्रमालाच त्याचे तत्त्वज्ञान समजतो.

७/ विद्यापीठे निरुपद्रवी असती तर सत्तेला त्यांची भीती का वाटली असती? १५७९ साली महामंत्री चांग च्युचंगच्या राजवटीत खासगी विद्यापीठे बंद करण्याचा हुकूम निघाला. १६०४ मध्ये पुन्हा सुरू झालेले तुंगलिन विद्यापीठ दरबारावर टीका करणाऱ्यांचे केंद्र बनले. १६२५ मध्ये तेही चिरडले गेले.

८/ तुंगलिन पक्षाचा एक सदस्य १६२६ साली तुरुंगात मरण पावला. त्याचा मुलगा ह्वांग चोंगशी. १६६३ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ग्रंथात तो मांडतो की योग्य-अयोग्याचा निवाडा सम्राटाने एकट्याने करू नये. तो विद्यालयात व्हावा. सम्राटाने तेथे विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून कुलगुरूची टीका ऐकावी. जर्मनीतले बर्लिन विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा दीडशे वर्षे अवकाश होता.

९/ १९१७ साली पेकिंग विद्यापीठाची सूत्रे घेताना त्साय युआनपेयने विद्यार्थ्यांना बजावले की हे ठिकाण अधिकारी होण्याचे आणि धन मिळवण्याचे नाही. याचे श्रेय त्याच्या लाइपझिगमधील शिक्षणाला दिले जाते. ते काही अंशी रास्तच. पण तो जुन्या परीक्षेतील सर्वोच्च पदवीचा मानकरीही होता. चू शी त्याला जर्मनीत जाऊन वाचावा लागला नव्हता.

१०/ उलट टोकालाही जायचे नाही. ही विद्यापीठे पुरुषांचीच होती. चिंग काळात त्यांतील अनेक परीक्षेच्या तयारीची केंद्रे झाली. ९७६ साली स्थापन झालेल्या य्वेलू विद्यापीठाला 'जगातील सर्वांत जुने' म्हणून मिरवणे हीदेखील युरोपच्याच फूटपट्टीने स्वतःला मोजण्याची हौस आहे.

११/ आणि ही फूटपट्टी आज कोण बनवते? २००३ साली जागतिक विद्यापीठांची पहिली गाजलेली क्रमवारी शांघायमधूनच निघाली. तीत नोबेल पारितोषिके मोजली जातात, 'नेचर' व 'सायन्स'मधले लेख मोजले जातात. वर्गात शिक्षक काय करतो, हे नाही. कन्फ्यूशियसच्या भाषेत, ही मिरवण्याच्या विद्येची गणती.

१२/ आपण दुरून हसू नये. भारतीय सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ साली सुरू झाली. त्या काळच्या ब्रिटिश वादविवादात चीनचा दाखला दिला जाई. म्हणजे त्या परंपरेतले जगाने उचलले ते परीक्षेचे यंत्र; त्या यंत्राशी शतकानुशतके झगडणारे गुरू तेवढे मागे ठेवले.

१३/ म्हणून खरी रेघ पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये नाही. ती विद्येच्या दोन हेतूंमध्ये आहे आणि प्रत्येक देशातील प्रत्येक विद्यापीठातून जाते. आपण तिच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत, हे मात्र कोणतीही क्रमवारी सांगणार नाही. (धागा समाप्त)