सुपारीच्या आधी बैठक

मुलींची आणि बायकांची मर्दानी खेळाची पथकं आता कोल्हापूरच्या पेठांपुरती राहिलेली नाहीत. लहान गावांतही ती दिसतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत उतरतात, काही ६ जूनला राज्याभिषेक सोहळ्यासाठी रायगडावर जातात, पुढे गणपती आणि दसरा असतोच. नऊवारीचा काष्टा, डोक्याला फेटा, हलगीचा कडकडाट आणि दांडपट्ट्याचं पातं फिरायला लागलं की बघणाऱ्यांचे मोबाईल आपोआप वर जातात. बघणाऱ्यांचं ठीक आहे. मला बोलायचंय ते जिला दुसऱ्या दिवशी शस्त्रं मोजून बांधून ठेवायची असतात, टेम्पोवाल्याचे पैसे चुकते करायचे असतात आणि पुढच्या वर्षी यातल्या कोण कोण राहतील या विचाराने झोप लागत नाही, तिच्याशी.

ताई, तुमच्या पथकाकडे एकदा कोरड्या नजरेने बघा. बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच असतं. एक वस्ताद, वय साठीच्या पुढे, आयुष्यभर फुकट शिकवत आलेले. त्यांच्या हाताखाली शाळा-कॉलेजातल्या पोरी, आणि पोरींना सोडायला येता येता स्वतःच लाठी धरलेल्या दोन-तीन आया. आज अठरा वर्षांची असलेली मुलगी आणखी पाच वर्षांत कुठे असेल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. शिक्षणासाठी पुण्याला, नोकरीसाठी आणखी कुठे, नाहीतर लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात. वस्तादांचे गुडघे आताच कुरकुरतायत. अशा वेळी पथकाच्या बैठकीत चर्चा कशाची चालते? नव्या ड्रेसची, फ्लेक्सची आणि आलेल्या सुपाऱ्यांची.

माझं म्हणणं एवढंच आहे : नव्या सुपाऱ्या घेण्याआधी तुमच्यातूनच शिकवणाऱ्या दोघी उभ्या करा. बाकी सगळं नंतर.

चांगलं खेळणं आणि चांगलं शिकवणं यांत फरक आहे. नवी मुलगी लाठी फिरवायला लागली की सगळे तिच्या हाताकडे बघतात. चूक बहुतेक वेळा पायात असते. पुढचा पाय उचलण्याआधी तिने अंगाचा भार मागच्या पायावर घेतलेला नसतो, म्हणून वेग वाढला की लाठी तिच्याच गुडघ्याला लागते. हे जिला लांबून दिसतं ती शिकवू शकते. पथकातली सगळ्यात चपळ मुलगी ती असेलच असं नाही. कदाचित मागच्या रांगेत गप्प उभी असणारी, पवित्रा कधीच न चुकणारी चाळिशीची बाई असेल. आणि ती गावातच राहणार आहे, हेही विसरू नका.

निवड वस्तादांनीच करावी, आणि सगळ्यांसमोर करावी. त्यांना डावलून परस्पर ठरवलंत तर तो त्यांचा अपमान होईल, आणि ज्यांना निवडाल त्यांचंही पोरी ऐकणार नाहीत. वस्तादांनी एकदा तोंडाने सांगितलं की ‘आजपासून लहान पोरींची लाठी ही बघणार’, की निम्मं काम झालं. मग आठवड्यातला एक दिवस वस्तादांनी नुसतं बाजूला खुर्ची टाकून बसावं. त्यांना हे जड जाईल. पण विचारायला ते समोर आहेत तोवरच हे करून घ्यायचं असतं.

त्याच जोडीला त्यांच्याकडचे डाव उतरवून घ्या. प्रत्येक आखाड्याची खेळायची ढब वेगळी असते आणि ती बहुतेक कुठे लिहिलेली नसते, वस्तादांच्या अंगात असते. मोबाईल दोन बाजूंनी लावा, एक समोरून, एक पाय दिसतील असा. डावाचं नाव वस्तादांच्या तोंडून म्हणवून घ्या, आधी सावकाश, मग वेगात. लाठी, फरी-गदगा, तलवार, विटा, दांडपट्टा, ज्यात जे येतं ते सगळं. आणि हे एका मुलीच्या फोनमध्ये ठेवू नका. फोन पडतो, बदलतो, मुलगी सासरी जाते.

आता शस्त्रांबद्दल. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तेव्हापासून ज्याला त्याला कार्यक्रमात दांडपट्टाच हवा असतो. पण ते हत्यार नीट समजून घ्या. पातं लांब, सरळ आणि लवचिक. हात कोपरापर्यंत खोबळ्यात गेलेला, त्यामुळे मनगट वळत नाही आणि सगळा फिरकाव खांद्यातून, कमरेतून काढावा लागतो. खोबळा पुरुषाच्या हाताच्या मापाचा असेल तर मुलीचा हात आत हलतो. मग पोरी चिंधी कोंबतात, ती घामाने सरकते आणि ऐन चक्रीत पात्याची दिशा बिघडते. नवा फेटा एक वर्ष लांबवा, पण दोन पट्टे तुमच्या हाताच्या मापाने करून घ्या. लिंबू कापायचा डाव कोणी करायचा हे टाळ्यांवर ठरू देऊ नका. तो वस्तादांनी ज्यांना परवानगी दिली त्यांनीच, आणि ज्या मुलीच्या तळहातावर लिंबू ठेवायचं तिने मनापासून हो म्हटलं असेल तरच. ‘घाबरतेस काय’ असं म्हणून कुणाला उभं करू नये.

खंडेनवमीला शस्त्रपूजा होतेच. त्याच दिवशी हळदकुंकू लावण्याआधी एकेक शस्त्र हातात घेऊन तपासा. मूठ ढिली आहे का, पात्याला चीर गेलीय का, लाठीला ढलपे निघालेत का. किती होती, किती आहेत, कुणाच्या घरी काय आहे, हे वहीत लिहा. खराब झालेलं शस्त्र त्याच दिवशी बाजूला काढा, कुणाच्या वडिलांनी भेट दिलेलं असलं तरी.

पोलिसांच्या परवानगीचं काम आयोजकांवर टाकून मोकळ्या होऊ नका. सणासुदीच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यांत तलवारी, भाले इतकंच काय, लाठ्या-काठ्याही सार्वजनिक ठिकाणी नेण्यावर बंदी येते, आणि नेमके तेच तुमच्या कार्यक्रमांचे दिवस असतात. पथकाच्या नावाने पोलीस ठाण्यात अर्ज द्या, शस्त्रांची यादी जोडा, पोचपावती घ्या, तिची प्रत टेम्पोत ठेवा. प्रात्यक्षिकाची पाती बिनधारेचीच असू द्यात. आणि पोरींना निक्षून सांगा, तलवार हातात घेऊन रस्त्यावर रील करायची नाही. तलवारीसोबत स्टेटस ठेवणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या पेपरात येतात. ही खेळाडू आणि तो टगा, हा फरक बघत बसण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकण्यात शहाणपणा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या पालकांची लेखी संमती घ्या, सरावासाठी एक आणि फोटो-व्हिडिओसाठी वेगळी. गट अपघात विमा काढता आला तर काढाच. एका पोरीचं मनगट मोडलं आणि खर्च कुणी करायचा यावर वाद झाला, तर तीच नाही, शेजारच्या चार घरांतल्या पोरीही यायच्या बंद होतात.

पैशाचं बोलताना बायका संकोचतात. हौशी पथक आहे, देवाचं-महाराजांचं काम आहे, त्यात हिशेब कसला, असं म्हणतात. पण मानधन घेतलं की हिशेब आला. पथकाच्या नावाने बँकेत खातं नसतं, म्हणून पैसे कुणाच्या तरी नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या खात्यावर येतात, आणि कुरबुरीची सुरुवात बरोबर तिथे होते. पथक टिकवायचं असेल तर ते कधीतरी नोंदवावं लागेल. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, आणि आपल्याकडे अशा संस्थेची धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. त्यानंतर मात्र दर वर्षी ३१ मार्चला हिशेब मिटवायचा, तपासून घ्यायचा आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा. हे सांभाळणारी एखादी नेटकी बाई तुमच्यात असेल तरच त्या वाटेला जा. नाहीतर नोंदणी होते, फाईल कपाटात जाते, आणि पुढे कुणालातरी जुनी कागदपत्रं शोधत धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

हिशेब जमणार नाही असं मात्र म्हणू नका. तुमच्यातल्या निम्म्याजणी बचत गटात आहेत. दर आठवड्याला बैठक, ठरलेली बचत, वहीवर सही, कर्ज कुणाला दिलं आणि परत किती आलं, हे सगळं तुम्ही वर्षानुवर्षं चोख करता. तीच वही इथे आणा. आत काय लिहायचं तेही सोपं आहे. आलेल्या रकमेतून आधी गाडीभाडं आणि हलगीवाल्यांचं मानधन काढायचं, मग शस्त्रदुरुस्ती, मग पोरींचा नाष्टा, आणि उरलं तर ड्रेस. हलगी, घुमकं, कैताळ वाजवणाऱ्यांचे पैसे ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवणारी पथकं मी चांगली मानत नाही, खेळ कितीही देखणा असला तरी. त्यांच्या तालावर तुमचा पाय पडतो. जमलं तर दोन मुलींना त्यांच्याकडेच रीतसर हलगी शिकायला पाठवा, त्यांना गुरू मानून.

सुपाऱ्या कुठल्या घ्यायच्या हेही आधीच ठरवून ठेवा. लग्नाच्या हॉलमध्ये नवरदेवाच्या पुढे तलवारी फिरवायच्या का? दुकानाच्या उद्घाटनाला जायचं का? नेत्याच्या वाढदिवसाला? माझं मत विचाराल तर वाढदिवसाला नको. पथकात सगळ्या पक्षांच्या घरांतल्या पोरी असतात आणि एका वाढदिवसाला गेलात की दुसऱ्या घरातून फोन येतोच. लग्नाचं तुम्ही ठरवा, पैसे बरे मिळतात. मात्र जागा लहान असेल, प्रेक्षक अंगावर येत असतील आणि पंगतीत दारू चालली असेल, तर पथकप्रमुख बाईने खेळ न करता परत फिरायचं, आणि त्यावर नंतर तिला कुणी बोल लावायचा नाही. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सगळ्यात जास्त विचार करायला हवा तो सुटून जाणाऱ्या बायकांचा. लग्न झालं की मुलगी पथकातून गेली, असं आपण गृहीत धरतो, निरोपाला नारळ देतो आणि विषय संपवतो. बाळंतपण झालेल्या बाईला तर कुणी विचारतही नाही. का बरं? पुरुषांच्या आखाड्यात पन्नाशीचा माणूस पाच वर्षांनी उगवला तरी त्याच्या हातात लाठी देतात. बाईला परत यायचं असेल तर तिच्यासाठी वाट मोकळी ठेवा. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी नुसते पवित्रे, मग लाठी, आणि अंगात ताकद आल्यावर पट्टा. तोवर तिने लहान पोरी सांभाळाव्यात, ताल धरावा, हिशेब लिहावा. बाळ मैदानाच्या कडेला सतरंजीवर असू दे, आळीपाळीने कुणीतरी बघेल. सरावाची वेळ पोरींच्या क्लासप्रमाणे ठरते तशी या बायकांच्या स्वयंपाकाप्रमाणेही ठरू द्या. आठवड्यातून एक दिवस रात्री जेवणं उरकल्यावर, घराजवळच्या शाळेच्या पटांगणात, दिव्याच्या उजेडात. परतताना एकटीने जायचं नाही, गल्लीगल्लीने जोड्या ठरवायच्या. पावसाळ्यात देवळाच्या सभामंडपात सराव करता येतो, फक्त छत ठेंगणं असेल तर लाठी वर फिरवायची नाही, तिथे पायांवर काम करायचं.

दुसऱ्या गावी नांदायला गेलेल्या मुलीने तिथे चार पोरी जमवल्या तर तिला तुमच्याच पथकाची म्हणा. जुन्या दोन-तीन लाठ्या द्या, वस्तादांचे व्हिडिओ द्या. माहेरच्या पथकाचं नाव तिथेही चालेल.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगायचं आहे. बायकोचा खेळ बघायला शिवजयंतीला पुढच्या रांगेत उभे राहता, छान वाटतं. पण सरावाच्या रात्री पोराला झोपवलंत, भाकऱ्या गरम करून घेतल्यात, तर त्याचा उपयोग टाळ्यांपेक्षा जास्त आहे. आणि सासूबाई, ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य निदान एक हंगाम बाजूला ठेवा.

जूनमध्ये रायगड झाला की गणपतीपर्यंत कार्यक्रम थोडे असतात. मधे भातलावणीची गडबड असते, ती उरकली की श्रावणात नागपंचमी येते. सासुरवाशिणी माहेरी येतात. हे सगळं ठरवायची बैठक त्याच आठवड्यात ठेवा. वस्तादांना बोलवा, बचत गटाच्या अध्यक्षांना बोलवा, आणि पथक सोडून गेलेल्या प्रत्येकीला तिच्या घरी जाऊन स्वतः सांगून या. गणपतीच्या सुपाऱ्यांना होकार त्या बैठकीनंतरच कळवा.