चंद्राचा रूपगर्व आणि आमचे मुखवटे

भाद्रपद उजाडला की पेठ वडगावच्या घराघरांतून लगबग सुरू होते. गणराय मखरात विराजमान होतात. अनुराधा नक्षत्रावर गौराई पाणवठ्यावरून तेरड्याच्या रूपाने घरी येते, भाजी-भाकरीचा नैवेद्य स्वीकारते आणि झिम्मा-फुगडीत रात्र जागते. परंतु अलीकडे या सोहळ्यात एक नवा पाहुणा शिरला आहे आणि देवाच्या आधी त्याचाच मान होऊ लागला आहे. तो म्हणजे हातातला मोबाईल!

गतवर्षी आमच्याच घरी घडलेली गोष्ट. निरांजन पेटले, टाळ हाती घेतले आणि आरती थांबली. नातीला छायाचित्र मनासारखे मिळेना. पुन्हापुन्हा ती उभी राहिली, यंत्राकडून चेहरा उजळून घेतला. अखेर जे चित्र जगाला दाखविले गेले, त्यातून नैवेद्य रांधणाऱ्या आजीचे हात कापून टाकले होते. "आजीचे हात काळवंडलेले दिसतात," हे कारण. आजी काही बोलली नाही. तिने हात पदराखाली घेतले. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. तो आमचा दोष.

मुलींना नावे ठेवून भागणार नाही. २०२१ साली फेसबुक कंपनीचेच अंतर्गत संशोधन उघडकीस आले. शरीराविषयी मनात खंत असताना इन्स्टाग्राममुळे ती अधिकच वाढते, असे त्यात ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते. दुसऱ्यांचे निवडक, रंगविलेले क्षण पाहून आपले साधे आयुष्य उणे वाटू लागते. आणि मग आपणही रंग चढवू लागतो.

वस्तुतः या रोगाची कथा आपल्या पुराणात आहेच. रूपाचा गर्व झालेला चंद्र गजाननाचे लंबोदर पाहून हसला आणि शापास पात्र ठरला. म्हणूनच गणेशचतुर्थीला आपण चंद्रदर्शन टाळतो. सोंड वक्र, दात एक, उदर विशाल. आणि तरीही अग्रपूजेचा मान त्याचा! ज्या घरात असा देव पूजिला जातो, त्या घरातील लेकीने नाकाडोळ्यांवरून, वर्णावरून स्वतःला हीन का लेखावे?

कोणी म्हणेल, शृंगार तर गौरीलाही करतो. खरे आहे. तिला मुखवटा चढवितो, शालू नेसवितो, दागिने घालतो. परंतु मूळ नक्षत्रावर विसर्जन होते, मुखवटा मऊ कापडात गुंडाळून पेटीत जातो आणि तेरडा पाण्याला मिळतो. शृंगाराला आपल्या पूर्वजांनी मर्यादा घातली होती. मोबाईलमधल्या मुखवट्याला मात्र विसर्जनाचा दिवसच नाही. तो रात्रंदिवस चढविलेलाच राहतो आणि खालचा चेहरा त्याच्या धाकात जगतो.

छायाचित्र काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परगावी नोकरीस असलेल्या लेकाला घरचा गणपती दिसावा, यात आनंदच आहे. परंतु आरती संपेपर्यंत मोबाईल कोनाड्यात राहावा. आणि नंतर जे चित्र घ्यायचे, ते जसे असेल तसे असावे. त्यात चुलीच्या धगीने काळवंडलेले ते हातही असावेत. नैवेद्याला चव त्यांचीच असते.

यंदा आमच्या घरी पहिले छायाचित्र त्या हातांचेच निघेल. विघ्नहर्ता आम्हां सर्वांस तेवढी दृष्टी देवो!