अझहरच्या बाजूने, पण कोणत्या तोंडाने?

लहानपणी परभणीत आमच्या मोहल्ल्यात कॉलर ताठ करून बॅटिंगला येणारा प्रत्येक पोरगा अझहर असायचा. गळ्यातला ताईत शर्टाबाहेर, आणि ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू मनगट वळवून थेट लेगला. शॉट बसला नाही तरी ऐट तीच. परभणी जिल्हा एके काळी हैदराबाद संस्थानातला. त्यामुळे हैदराबादचा अझहर आम्हाला घरचाच वाटे.

५ डिसेंबर २००० ला बीसीसीआयने त्याच्यावर आजीवन बंदी घातली. मोहल्ल्यात एकच वाक्य फिरलं: मुसलमान आहे म्हणून. अझहर स्वतःही त्या दिवसांत अल्पसंख्याक असल्यामुळे लक्ष्य केल्याचं बोलला होता. मीही पुढे अनेक वर्षं तेच म्हणत राहिलो.

पण त्याच दिवशी अजय शर्मावरही आजीवन बंदी आली. अजय जडेजा आणि मनोज प्रभाकरवर पाच-पाच वर्षांची. ही नावं आम्ही सोयीस्करपणे गाळायचो.

२०१२ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने अझहरवरची बंदी बेकायदा ठरवली. तोवर तो पन्नाशीला टेकला होता. कसोटी ९९ वरच थांबल्या, शेवटच्या कसोटीत शतक करूनही. बोर्डाने नीट पुरावे मांडून चौकशी केली नाही, हा अन्याय खराच. पण सीबीआयच्या अहवालात त्याच्या कबुलीची नोंद आहे आणि ती त्याने पुढे नाकारली. हा गुंता त्या निकालानेही सुटत नाही. तो २००९ मध्ये खासदार झाला, २०२५ मध्ये तेलंगणात मंत्री. खुर्च्या मिळाल्या, पण त्या प्रश्नाचं उत्तर खुर्चीत बसून मिळत नाही.

पाकिस्तानचा मोहम्मद आमिर पैसे घेऊन नो-बॉल टाकताना सापडला. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला, पाच वर्षं बाहेर बसला. २०१६ मध्ये त्याच लॉर्ड्सवर पुन्हा कसोटी खेळला. तौबा आपल्याला मदरशात शिकवतात तशीच: चूक सोडा, पस्तावा, पुन्हा न करण्याचं ठरवा, आणि माणसांचा हक मारला असेल तर तो परत करा. हे शेवटचं कलम आपण घाईत वाचतो. तिकीट काढून मॅच बघणाऱ्याचा हक कसा परत करणार? निदान खरं सांगून. अझहर दोषी असेल तर त्याने हे करावं. नसेल तर ती कबुली अहवालात कशी आली, ते तारीखवार मांडावं.

'मुसलमान आहे म्हणून' हे वाक्य मला जपून ठेवायचंय. २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला गद्दार म्हटलं गेलं, तेव्हा ते खरंच लागलं. ते अझहरवर आधीच खर्च केलेलं असल्यामुळे ऑफिसात मित्राने लगेच सुनावलं, "तुम्ही तर अझहरच्या वेळीही हेच म्हणत होतात." मला उत्तर सुचलं नाही.

परवा पुतण्या अझहरची जुनी क्लिप बघत होता. म्हणाला, "चाचू, ह्याने खरंच केलं होतं का?" मी त्याला सीबीआयचा अहवालही सांगितला आणि कोर्टाचा निकालही. मग आम्ही तो फ्लिक पुन्हा पाहिला.